रिंगणातली खुर्ची

शाळेतल्या धाकट्या वर्गांना बॅट सांभाळून फिरवायला शिकवणार, असं तेलेसियाने जाहीर केलं तेव्हा वाइसीना गाव पोट धरून हसलं. हसण्यासारखंच होतं म्हणा. इथलं पोर दात यायच्या आधी नारळाच्या झावळीचा देठ हातात धरतं आणि दात आले की त्याच देठाने शेजारच्या पोराचे पाडतं. मोठ्या माणसांच्या किलिकितीचं, म्हणजे आमच्या गावठी क्रिकेटचं, तर विचारूच नका. तीन धारांची, कमरेच्या वर येणारी जाड बॅट, एका बाजूला तीसेक माणसं, दुसऱ्या बाजूला येतील तेवढी, आणि गडी बाद झाला की शिट्टीच्या तालावर सगळ्या संघाचा नाच. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कपाळावर नाहीतर हनुवटीवर कुठल्या ना कुठल्या सामन्याची खूण आहे, आणि ती कुणाच्या बॅटीने झाली हे ते न विचारता सांगतात. अशा गावात ही बाई बॅट शिकवायला निघाली होती.

त्यातून शिकवणारी कोण, तर सेफोची बायको. पलीकडच्या बेटावरून, शहराच्या बाजूने लग्न होऊन आलेली. आमच्याकडे सुनेने काय करायचं ते ठरलेलं आहे. उजाडायच्या आधी अंगणातली पानं झाडायची, जेवणाऱ्यांच्या ताटावरच्या माश्या पंख्याने वारायच्या, सगळ्यांचं झालं की मग खायचं, आणि गावसभा भरली की चटईच्या कडेला बसून कोको ओतायचा. तेलेसिया हे सगळं बिनबोभाट करायची. शाळेच्या फाटकाच्या आत तिला दिवसभर "हो बाई" ऐकू यायचं आणि फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं की ती स्वतः "हो आई" म्हणायला लागायची. अकरा वर्षांत या गावात सात वर्षांपेक्षा मोठ्या माणसाला तिने एकदाही "नाही" म्हटलं नव्हतं.

पण वर्गात तिचं राज्य होतं, आणि त्या राज्यात कायदा होता. शाळेमागच्या गवतावर तिने पांढऱ्या पोवळ्याच्या खड्यांचं एक मोठं रिंगण आखलं. मध्यभागी पाण्याच्या नळाचा तुकडा उभा रोवला आणि त्याच्या तोंडावर केवड्याच्या पानांचा विणलेला हलका चेंडू ठेवला. गोलंदाज नाहीच. समोरून काही येत नसलं की पोरं घाबरत नाहीत आणि डोळे मिटून बॅट फिरवत नाहीत, हे तिला माहीत होतं. बॅटी सेफोने करून दिल्या होत्या, नीरफणसाच्या लाकडाच्या, लहान हातांना पेलतील अशा. घाम आला तरी निसटू नयेत म्हणून तिने मुठींना दुहेरी काथ्या गुंडाळला होता.

"बॅट फिरवायच्या आधी काय करायचं?"

"मागे बघायचं, बाई!"

"मग?"

"दोन्हीकडं बघायचं!"

"आणि रिंगणात कुणी असलं तर?"

"थांबायचं!"

"आणि तो हललाच नाही तर?"

"तरी थांबायचं!"

"किती वेळ थांबायचं?"

मग माकेसी नावाचा सहा वर्षांचा गडी विचार करून म्हणाला, "जेवायची घंटा होईपर्यंत, बाई."

चेंडू मारल्यावर बॅट भिरकावून पळायची, ही इथल्या पोरांची जुनी खोड. मागे उभा असलेला त्यातच जायबंदी होतो. म्हणून तिने रिंगणात एक फाटकी चटई अंथरली आणि सांगितलं, "बॅट दमलेली असते. तिला चटईवर झोपवायचं, मग पळायचं." हे पोरांना इतकं पटलं, की गावचे मानकरी तुइआला यांची नात सूलू चेंडू मारून झाला की बॅटीशेजारी मांडी घालून बसायची आणि तिला थोपटायला लागायची.

"अगं पळ! तुझी बॅट झोपली, आता तू पळ!" तेलेसिया ओरडायची.

"हळू बोला ना बाई, जागी होईल."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. माशी शिंकली ती एका नमस्कारापायी. शाळेच्या कुंपणाबाहेरून पायवाट जाते. एके दिवशी त्या वाटेने तेलेसियाची सासू इलिगानोआ डोक्यावर चटयांची वळकटी घेऊन निघाली होती आणि रिंगणात माकेसी बॅट फिरवत होता. वडीलधारं माणूस जवळून जात असताना ताठ उभं राहायचं नाही, त्यातून हात वर करून तर नाहीच. कमरेत वाकायचं आणि "तुलोऊ", म्हणजे माफी असावी, म्हणायचं, हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी शिकवतात. माकेसीची बॅट अर्ध्या वाटेत होती तेव्हा त्याला आजीबाई दिसल्या. तो लागलीच वाकला. वाकायला दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून त्याने बॅट सोडून दिली. ती कुंपणावरून, वळकटीला चाटून गेली आणि पलीकडच्या पत्र्याच्या टाकीवर आदळली. आवाज चर्चपर्यंत गेला.

इलिगानोआ संतापली असेल असं कुणाला वाटेल. ती खूश झाली होती. संध्याकाळी येईल-जाईल त्याला सांगत होती, "बॅट काय, डोक्यावरून गेली. पण पोर कसं वाकलं! शिकवण आहे हो घरची." ती खरी भडकली दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी तेलेसिया मुलांना ओळीने उभं करून शिकवत होती, की वडीलधारं माणूस दिसलं तरी आधी बॅट चटईवर ठेवायची आणि मग वाकायचं.

"आधी बॅट आणि मग माणूस?" इलिगानोआने घरी आल्या आल्या विचारलं. "हे शिकवतेस तू गावाच्या पोरांना?"

"आई, काल ती बॅट तुमच्या कानापासून एवढीशी…"

"माझा कान आहे माझ्यापाशी. पोरांची रीत गेली तर ती कुठून आणायची? तुमच्या शहरातून?"

"हो आई," तेलेसिया म्हणाली. तिला "नाही आई" म्हणायचं होतं, पण सवय वाईट असते.

दुष्काळात तेरावा महिना म्हणून त्याच आठवड्यात पाद्रीबाबांच्या मुलीचा पुढचा दात पडला. तो झावळीच्या देठाने पडला, शाळा सुटल्यावर पडला, समुद्राकाठी पडला, आणि दुधाचा होता म्हणून तसाही पडणारच होता. पण गावात बॅटीचा विषय निघालेलाच होता, तेव्हा दातही तेलेसियाच्या खात्यावर जमा झाला. पिढ्यान्‌पिढ्या दात पडत आले, तेव्हा त्याला खेळ म्हणत होते. कुणीतरी ते थांबवायला निघालं तेव्हा त्याचा पहिल्यांदा जाब विचारला गेला.

प्रकरण तुइआलांपर्यंत गेलं. तुइआला म्हणजे गावचे सर्वांत मोठे मानकरी, शाळा समितीचे अध्यक्ष, आणि एकेकाळी ज्यांच्या बॅटीपुढे तीन गावांचे गोलंदाज रडायचे ते. सभा त्यांच्या बिनभिंतींच्या घरात भरली. मानकरी आपापल्या खांबाला टेकून बसले, मुख्याध्यापक मधे, पाद्रीबाबा शेजारी. तेलेसिया कडेला कोकोचं भांडं घेऊन बसली होती. तिच्याविषयीच बोलणं चाललं होतं, म्हणून तिला कुणी काही विचारलं नाही.

"शाळेच्या सणाला फालेतोआ गावची पोरं सामन्याला येतायत," तुइआला म्हणाले. "तेव्हा बघू. त्या दिवशी कुणालाही लागलं, पोराला लागो, म्हाताऱ्याला लागो, कुत्र्याला लागो, तर बॅटी भट्टीत घालायच्या. धाकट्यांना खेळाच्या तासाला गाणी शिकवा. गाण्याने कुणाचा दात पडत नाही."

सगळे हसले. तुइआलांनी पेला पुढे केला, तो पाद्रीबाबांच्या दिशेने. तेलेसियाने उठून, वाकून, तो घेतला आणि भरून दिला. "हो सरकार," ती म्हणाली.

गाणी शिकवणं तिला जड नव्हतं. गळा बरा होता. पण त्या बॅटी जळाल्या असत्या तर तिचं बरंच काही जळणार होतं. तारोच्या कंदांच्या मळ्यातून दमून आल्यावर सेफोने त्या तासल्या होत्या. आईसमोर बायकोची बाजू घ्यायला त्याला तेवढंच जमलं होतं. आणि या अख्ख्या गावात तिने घातलेला नियम पाळला जातो अशी एकच जागा होती, ते रिंगण. ते गेलं की ती पुन्हा नुसती कोको ओतणारी. हे तिला स्वच्छ दिसत होतं.

पोरांची तिला भीती नव्हती. भीती होती ती एका निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीची. तुइआला सामन्याला त्या खुर्चीत बसतात आणि अलीकडे अगदी खेळणाऱ्याच्या पाठीशी बसतात.

"तू सांगशील का त्यांना जरा लांब बसायला?" तिने सेफोला विचारलं.

"मी? डोकं फिरलं का तुझं? मळ्याची जमीन कुणाची आहे?"

मग ती पाद्रीबाबांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मी देवाला सांगेन," ते म्हणाले.

मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, त्यांना सोडून बाकी काहीही हलवा."

सणाचा दिवस उजाडला. फालेतोआची बस गाणी म्हणत आली. गावमैदानाच्या एका टोकाला भट्टीच्या तापल्या दगडांवर डुकरं आणि तारो भाजत होते, बायका पालुसामीच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या तारोच्या पानांच्या, पुड्या बांधत होत्या. मैदानाच्या मधली सिमेंटची खेळपट्टी मोठ्या माणसांची. लहानांसाठी तेलेसियाने शेजारच्या गवतावर रिंगण आखलं. एरवी हाताच्या अंतराने खडे लावायची, आज तिने ते एकाला एक चिकटवून लावले, की आंधळ्यालाही दिसावेत.

तुइआला आले. अंगाने भरलेले, कोऱ्या निळ्या लावालावाच्या लुंगीत, हातात पंखा. मागून पुतण्या खुर्ची घेऊन. सगळं मैदान वाकलं. तुइआला चालत चालत थेट रिंगणात शिरले, नळाच्या तुकड्यापासून दीड हातावर थांबले, आणि पुतण्याने खुर्ची टेकवली.

मुख्याध्यापकांनी आकाशाकडे पाहिलं. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. बहुधा देवाला सांगत असावेत.

पहिला माकेसी. त्याने पाय फाकवले, दोन्ही मुठी जवळ धरल्या, बॅट खांद्यावर घेतली आणि मागे पाहिलं. मग बॅट खाली केली.

"मार रे!" लोक ओरडले.

"बाई," तो पोरं कुजबुजतात तसं, म्हणजे साऱ्या गावाला ऐकू जाईल असं कुजबुजला, "सरकार रिंगणात आहेत."

तेलेसियाने खुर्चीकडे पाहिलं. "थांब," ती म्हणाली. माकेसी थांबला. लोक थांबले. तुइआला पंख्याने वारा घेत खेळ सुरू व्हायची वाट पाहत होते. भट्टीच्या बाजूने कुणीतरी विचारलं, "झाला का सामना?"

तोडगा काढला तो पोरांनीच. सूलू आणि आणखी दोघीजणी उठल्या. कमरेत वाकून, "तुलोऊ, तुलोऊ" म्हणत त्या रिंगणात गेल्या. एकीने नळाचा तुकडा उपटला, दुसरीने चटई गुंडाळली, बाकी पोरांनी खडे ओंजळीत भरले, आणि पाचसहा ढांगा पुढे जाऊन सगळं जसंच्या तसं पुन्हा मांडलं. गावाला हे भलतंच पसंत पडलं. सरकार हलले नव्हते, नियम हलला नव्हता. हललं होतं फक्त मैदान, आणि मैदानाला मानपान नसतो. टाळ्या पडल्या. माकेसीने मागे बघून चेंडू मारला, बॅट झोपवली आणि पळाला. इलिगानोआसुद्धा "शाबास" म्हणाली.

तेवढ्यात तुइआला उठले. खेळ लांब गेला होता. ते पुढे चालले, पुतण्या मागून खुर्ची घेऊन, आणि दुसरी मुलगी बॅट उचलते तोवर खुर्ची पुन्हा रिंगणात टेकली होती. मुलीने मागे पाहिलं, बॅट खाली ठेवली, वाकली. पोरांनी खडे गोळा केले.

असं प्रत्येक गड्याला झालं. रिंगण पुढे, खुर्ची पुढे. सामना सिमेंटच्या खेळपट्टीला वळसा घालून गेला, चर्चच्या पायरीवरून गेला, व्हॉलीबॉलच्या जाळीखालून गेला. बघणारे आपापल्या चटया उचलून बरोबर सरकत होते. पालुसामीची टोपली दोनदा हलवावी लागली. धावा किती झाल्या ते कुणालाच सांगता येईना, कारण पळून पोचायची खूण कुठे होती हेच कुणाला आठवेना.

"तुमच्याकडे असंच खेळतात का?" फालेतोआच्या मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हो," मुख्याध्यापक मान ताठ करून म्हणाले. "आमच्याकडे असंच खेळतात."

शेवटची पाळी सूलूची आली तेव्हा पायाखाली वाळू होती. समोर दहाबारा पावलांवर भरतीचं पाणी. उजवीकडे होड्या ओढून ठेवलेल्या, डावीकडे काळे खडक. रिंगणाला आता सरकायला जागा उरली नव्हती. आणि तुइआला आपल्या नातीची पाळी म्हणून आणखी जवळ येऊन बसले. त्यांचा गुडघा जवळजवळ चटईला लागत होता.

सूलूने मागे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. बॅट खाली केली आणि उभी राहिली.

"मार गं बाळे!" तुइआला म्हणाले.

"नाही मारायची, आजोबा."

"का?"

"बाईंनी सांगितलंय."

झालं. साऱ्या किनाऱ्याच्या माना बाईंकडे वळल्या. मागून इलिगानोआचा आवाज आला, "तेलेसिया, सांग तिला मार म्हणून. म्हणावं हळूच मार. एवढं काय त्यात!"

खरंच, एवढं काय होतं त्यात? "हळूच मार" म्हटलं की सुटलं. तेलेसियाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण पोरगी तिच्याकडे बघत होती. हळूच मारायचं असतं तर इतके महिने मागे बघायला कशाला शिकवलं, असं ती पोरगी विचारणार नव्हती, पण आयुष्यभर लक्षात ठेवणार होती. तेलेसियाला एकदम राग आला. तुइआलांचा नाही, सासूचा नाही; आज सकाळपासून ती स्वतः तोंड मिटून पोरांच्या ओंजळीतले खडे बघत राहिली होती, त्याचा.

ती वाकून पुढे गेली, "तुलोऊ" म्हणाली, आणि खुर्चीसमोर वाळूत मांडी घालून बसली. मोठ्यांशी उभ्याने बोलत नाहीत.

"सरकार, तुमची खुर्ची मागे घ्यायला हवी."

तुइआलांचा पंखा थांबला.

"काय म्हणालीस?"

"तुम्ही रिंगणात बसलाय. पोरीने बॅट फिरवली तर ती तुमच्या तोंडावर येईल. सकाळपासून तुम्ही रिंगणात बसलाय. मागे घ्या."

तिचा आवाज चांगलाच मोठा निघाला होता. मागे कुणाच्या तरी हातातून झाकण पडलं.

"सकाळपासून?" तुइआलांनी विचारलं.

"हो."

"मग कुणी बोललं का नाही?"

तुइआलांनी चेहरा लोकांच्या दिशेने वळवला, पण लोक होते त्याच्या जरा बाजूलाच. मग ते पुढे झुकले आणि फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "खडे दिसले नाहीत गं मला. डोळ्यांवर साय धरल्यासारखं झालंय. मागे गेलो तर पोरगी दिसायची नाही. कुणाला सांगू नकोस. कुणाला ठाऊक नाही."

गावाला ठाऊक होतं. दोन वर्षं त्यांच्या ताटातल्या माशाचे काटे कुणीतरी गुपचूप काढून ठेवत होतं, चर्चमध्ये त्यांच्या हातात प्रार्थनेचं पुस्तक योग्य पानावर उघडून देत होतं. फक्त ही गोष्ट कुणी कुणाशी बोललं नव्हतं, आणि सुनेला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. तेलेसियाला ते आत्ता कळलं. म्हातारा हट्टाने पुढे येत नव्हता. नातीची एक बॅट दिसावी म्हणून सकाळपासून गावभर चालत आला होता. बसू दे झालं, असं तिला क्षणभर वाटलं.

"तरी मागेच, सरकार," ती म्हणाली.

तुइआला हसले, अगदी थोडं. "तुझी सासू म्हणते तुला तोंड नाही. खोटं बोलते ती." ते उठले. पुतण्या धावला, त्याला त्यांनी पंख्याने दूर केलं आणि खुर्ची स्वतः उचलली.

"इथे?"

"अजून मागे."

"इथे?"

"अजून."

सेफोने डोक्याला हात लावला. गावची एक सून तुइआलांना पावलापावलाने मागे नेत होती आणि आभाळ पडलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली. "आता बसा."

"तूही बस इथे," तुइआला म्हणाले. "आणि मला सांगत राहा. तिला म्हणावं, मार आता."

सूलूने पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून केलं. मागे पाहिलं, दोन्हीकडे पाहिलं, मुठी आवळल्या. मग बॅट एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत फिरवली. निम्मी चेंडूवर बसली, निम्मी नळावर. आवाज मात्र मोठा झाला. चेंडू वाळूत पडला, दोन गिरक्या घेतल्या आणि पाण्याच्या अलीकडेच, चार पावलांवर थांबला. सूलूने बॅट चटईवर झोपवली आणि होड्यांकडे पळत सुटली.

"लागला ना?" तुइआला खुर्चीच्या कडेवर आले होते. "आवाज आला मला. कुठे गेला? कुठे गेला चेंडू?"

तेलेसियाने चेंडूकडे पाहिलं. पांढऱ्या वाळूवर तो स्वच्छ दिसत होता. तिने म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"समुद्रात, सरकार," ती म्हणाली. "पार खडकांच्या पलीकडे."

"खरं सांगतेस?"

सगळ्यात आधी इलिगानोआ ओरडली, "मी पाहिला ना! डोक्यावरून गेला माझ्या!" मग मुख्याध्यापक म्हणाले, की एवढा लांब फटका त्यांनी शाळेत कधी पाहिला नव्हता. पाद्रीबाबा म्हणाले, "परमेश्वर साक्षी आहे." शिट्टी वाजली. गाव नाचायला लागलं, आणि पाहुण्यांची रीत म्हणून फालेतोआही नाचायला लागलं.

"माझ्यावर गेलीय पोरगी," तुइआला गालांवरून हात फिरवत म्हणाले. "आणि या बॅटी जाळायच्या कुणाच्या डोक्यात आल्या होत्या?"

"कुणाच्याच नाही, सरकार," मुख्याध्यापक म्हणाले.

पाण्याच्या कडेला फालेतोआची एक मुलगी क्षेत्ररक्षणाला उभी होती, सातेक वर्षांची. ती नियमाप्रमाणे चेंडू उचलायला धावत आली होती. तिने चेंडूकडे पाहिलं, नाचणाऱ्या लोकांकडे पाहिलं, खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे आणि त्याच्या शेजारी बसलेल्या बाईंकडे पाहिलं. मग झगा पसरून ती त्या चेंडूवर बसली आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवू लागली.